आषाढ अमावास्येची दोन नावे : ‘गटारी’, ‘दिव्यांची अवस’ आणि पंचांगाचे लोकवाचन

आषाढ महिन्याच्या अखेरच्या तिथीला महाराष्ट्रात दोन नावे आहेत. छापील पंचांगात व दिनदर्शिकांत ती सामान्यतः ‘दीप अमावास्या’ अथवा ‘दीपपूजन’ म्हणून नोंदविली जाते, तर बोलण्यात तिला ‘गटारी’ म्हणतात. पहिले नाव देवघरातले, दुसरे मटणाच्या दुकानापुढील रांगेतले, अशी विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ‘मूळ पवित्र सण’ आणि ‘त्याचे विकृत रूप’ या शब्दांत ती मांडण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेश आणि अलीकडे विद्यार्थ्यांचे प्रकल्पसुद्धा ‘गटारी हा शब्द गताहार या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश आहे’ या वाक्याने सुरू होतात. प्रस्तुत लेखात या विभागणीची चिकित्सा करावयाची आहे. आषाढ अमावास्येचे दिवे आणि त्या सुमारास होणारे खाणे यांना परस्परविरोधी ठरविणारी दृष्टी परंपरेतून आलेली नसून छापील चौकटीतून आणि त्या चौकटीला प्रमाण मानणाऱ्या वर्गाच्या संकोचातून आलेली आहे, असे आमचे मत आहे.

विवेचनासाठी विठ्ठलवाडीचा परिसर समोर ठेवला आहे. कल्याण आणि उल्हासनगर या दोन स्थानकांच्या मधले हे स्थानक. एका बाजूस कल्याण पूर्वेची मराठी वस्ती, त्यात आगरी-कोळी हे इथले मूळ रहिवासी आणि कोकण व देशावरून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे. दुसऱ्या बाजूस फाळणीनंतर निर्वासितांच्या कल्याण कॅम्पमधून उभे राहिलेले सिंधीबहुल उल्हासनगर. आणि गेल्या काही दशकांत दोन्हीकडे स्थिरावलेला उत्तर भारतीय कामगारवर्ग. गावाच्या नावात विठ्ठल असल्यामुळे आषाढ म्हटला की प्रथम एकादशी आठवते. पण याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येथील बाजारात कोंबडी, मटण, सुकट आणि चिंबोऱ्या यांना जी मागणी असते, ती पाहिल्यावर एकच महिना उपवास आणि मेजवानी या दोहोंना किती सहज सामावून घेतो हे ध्यानात येते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याला या सहवासात विसंगती वाटली नसावी.

तिथी कोण ठरवते?

गटारी ही मुळात कालगणनेच्या एका विशिष्ट पद्धतीमुळेच शक्य झालेली गोष्ट आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. महाराष्ट्रात अमान्त महिने चालतात, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात पूर्णिमान्त पद्धती असल्यामुळे तेथील श्रावण आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. २०२५ साली गुरुपौर्णिमा १० जुलैला होती. त्यामुळे विठ्ठलवाडीतल्या उत्तर भारतीय घरांत ११ जुलैपासून ‘सावन’ लागला होता, आणि शेजारच्या मराठी घरांत २५ जुलैपासून श्रावण. मधले दोन आठवडे एकाच जिन्यावर दोन महिने नांदत होते. २४ जुलैची अमावास्या मराठी शेजाऱ्यासाठी श्रावणाच्या उंबरठ्यावरची होती, तर उत्तरेकडच्या शेजाऱ्यासाठी ती सावनच्या ऐन मध्यावरची ‘हरियाली अमावस’ होती. आकाशातला चंद्र एकच असून गणनेचा आरंभ वेगळा धरल्याबरोबर मेजवानीचा दिवस उपवासाचा होतो. ज्याला उपवासाआधीची शेवटची रात्र म्हणतात ती अशी पंचांगाने निर्माण केलेली रात्र आहे. तिचा ‘अपभ्रंश’ कशाचा, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तिचा हिशेब पाहणे अगत्याचे आहे.

हा हिशेब सामान्य माणूस किती बारकाईने करतो, हे २०२३ सालच्या उदाहरणावरून दिसते. त्या वर्षी आषाढ अमावास्या १७ जुलैला, सोमवारी आली. सोमवती अमावास्या म्हणून धार्मिक दृष्ट्या ती महत्त्वाची ठरली, परंतु ज्या घरांत सोमवारी मांसाहार वर्ज्य असतो, त्या घरांत गटारी आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी उरकावी लागली. येथेच गुंता संपला नाही. १८ जुलैपासून अधिक श्रावण सुरू झाला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला लागला. मग मांसाहार सोडायचा कधी, अधिकात की निजात? काही घरांनी दोन्ही महिने पाळले. काहींनी, सणवार आणि व्रते निज मासात असतात या नियमावर बोट ठेवून, आणखी एक महिना सवलत घेतली. सुमारे १९ वर्षांच्या अंतराने अधिक मास पुन्हा त्याच महिन्यावर येतो, त्यामुळे २००४ सालीही हाच प्रश्न पडला होता, आणि जाणत्या गृहिणींना त्या वर्षीचा स्वतःच्या घरातला निर्णय आठवत होता. २०२४ मध्ये अमावास्या रविवारी, ४ ऑगस्टला आली आणि कोणालाच काही तडजोड करावी लागली नाही. २०२५ मध्ये ती गुरुवारी आल्यामुळे दत्त व साईबाबांचा वार पाळणाऱ्यांची गटारी बुधवारी झाली.

या तपशिलातून एक गोष्ट मान्य करावी लागते. दिवे आणि जेवण ही दोन्ही एकाच तिथीला घट्ट बांधलेली नाहीत. दीपपूजन तिथीला चिकटून राहते, खाणे मात्र वार, अधिक मास आणि सुटी यांप्रमाणे पुढेमागे सरकते. दिव्यांचा संबंध संपणाऱ्या महिन्याशी आहे, खाण्याचा संबंध येणाऱ्या महिन्याशी. दोघांचे काम वेगळे आहे, एवढेच यावरून सिद्ध होते. त्यातले एक शुद्ध व दुसरे भ्रष्ट, हा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. वार, तिथी, मास आणि घराण्याची रीत या चारांची सांगड घालून ‘आपला’ दिवस काढणे ही पंचांगाच्या वाचनाचीच कृती आहे. तिला लोकवाचन म्हणावे असे आम्हांस वाटते. ज्योतिषाचा गंध नसलेली माणसे ती दरवर्षी अचूक करतात.

छापील चौकट

मराठी पंचांगाच्या छपाईचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील गणपत कृष्णाजींच्या छापखान्यापर्यंत जातो. छापील कागद धर्मकृत्याला चालावा म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. या हकीकतीकडे केवळ गंमत म्हणून पाहिले जाते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ती बोलकी आहे. मांसाचा अंश पंचांगात शिरू नये ही काळजी मुद्रणाच्या पहिल्या पिढीपासूनच होती. पुढे शाईत न शिरलेली चरबी मजकुरातही शिरली नाही.

विसाव्या शतकात सोलापूरच्या दाते पंचांगाने गणिताची शिस्त घरोघर नेली, आणि १९७३ मध्ये जयंतराव साळगांवकरांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने पंचांगाला भिंतीवर टांगले. या घटनेचे सांस्कृतिक महत्त्व अजून पुरेसे अभ्यासले गेलेले नाही. पंचांग पुरोहिताच्या हातात होते तोवर तिथी विचारावी लागे. दिनदर्शिका आल्यावर ती स्वयंपाकघरातून दिसू लागली. हिंदू सणांबरोबर इतर धर्मीयांचे सण, पाठीमागच्या पानांवर राशिभविष्य, पाककृती व नामवंतांचे लेख, आणि पुढच्या चौकटीत दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता अशा घरातल्या माणसांनी पेनाने केलेल्या नोंदी, असा हा ग्रंथ आहे. साहित्याच्या अभ्यासकाने याला ग्रंथच म्हटले पाहिजे, कारण मराठी घरात सर्वाधिक वेळा उघडले जाणारे छापील पान बहुधा हेच असते.

आता आषाढ अमावास्येच्या चौकटीकडे पाहावे. छापील अक्षरांत दीपपूजन असते. ‘गटारी’ सहसा नसते. पण चौकटीच्या कोपऱ्यात अनेकदा पेनाने काही लिहिलेले आढळते : एखादे किलोचे माप, एखाद्या नातेवाइकाचे नाव, कधी नुसते एक वर्तुळ. छापील मजकूर आणि हाताने केलेली नोंद मिळून त्या दिवसाचा पूर्ण अर्थ होतो. आपली सांस्कृतिक चर्चा मात्र फक्त छापील अर्धा वाचते, आणि उरलेल्या अर्ध्याला परंपरेबाहेरचे ठरवते.

‘गताहार’ची व्युत्पत्ती

छापील चौकटीत न मावणाऱ्या शब्दाला चौकटीत बसविण्याचा प्रयत्न म्हणजे ‘गताहार’ ही व्युत्पत्ती होय. तिचे समर्थक ‘गत + आहार’, म्हणजे ज्यात आहार गेला ती ‘गताहारी अमावास्या’, असे सांगतात. व्याकरणदृष्ट्या पाहता हा बहुव्रीही समास अमावास्येचे विशेषण म्हणून ‘गताहारा’ व्हावयास हवा. ‘गताहारी’ हे रूप मराठी कानाला सोयीचे म्हणून घडविलेले दिसते. ध्वनिदृष्ट्याही अडचण आहे. दंत्य ‘त’चा मूर्धन्य ‘ट’ होण्याची जी परिचित उदाहरणे आहेत, त्यांत बहुधा ‘र’ किंवा ‘ऋ’ त्याला लगटून असतो. ‘गता’मध्ये तसे काही नाही. शिवाय ‘हा’चा लोप व्हावा आणि तरीही मधल्या टप्प्यावरचे एकही रूप कोणत्याही बोलीत उरू नये, हे संशयास्पद आहे. सर्वांत महत्त्वाचा आक्षेप अर्थाचा आहे. त्या दिवशी आहार जात नाही, उलट दुप्पट येतो. जातो तो दुसऱ्या दिवसापासून.

याचा अर्थ दारू पिऊन गटारात पडण्यावरून नाव पडले ही दुसरी लोकप्रिय उपपत्ती खरी मानावी, असे नव्हे. तीही एक थट्टाच आहे. परंतु थट्टा स्वतःला थट्टा म्हणवून घेते, संस्कृतीकरण केलेली व्युत्पत्ती मात्र शास्त्राचा आव आणते. कृ. पां. कुलकर्णींच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशाची परंपरा असलेल्या भाषेत शब्दाचे मूळ सांगताना पुराव्याची अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये.

येथे एक विलक्षण साम्य नमूद करण्यासारखे आहे. युरोपात ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या आधी येणाऱ्या ‘कार्निव्हल’ या शब्दाचीही अशीच एक गोड व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते : लॅटिनमधील ‘कार्ने व्हाले’, म्हणजे ‘मांसा, तुला निरोप’. भाषाशास्त्रज्ञ तिला लोकव्युत्पत्ती मानतात आणि ‘मांस बाजूला काढणे’ या अर्थाच्या ‘कार्नेलेव्हारे’ या जुन्या रूपाकडे निर्देश करतात. म्हणजे दोन खंडांत, दोन धर्मांत, उपवासापूर्वीच्या खादाडीला भारदस्त भाषेतले कुळ मिळवून देण्याची इच्छा सारखीच आढळते. गोमंतकातील कोकणी शब्द ‘इंत्रुज’ मात्र या बाबतीत प्रामाणिक आहे. तो पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’वरून आला असून त्याच्या मुळाशी ‘प्रवेश’ असा साधा अर्थ आहे. उपवासकाळात शिरण्याचा दरवाजा, एवढेच तो सांगतो.

कहाणीत कोणी काय खाल्ले?

दीप अमावास्येच्या पावित्र्याचा आधार म्हणून ‘दिव्यांच्या अवसेची कहाणी’ दाखविली जाते. ती सांगितली जाते पुष्कळ, वाचली मात्र जात नाही. तिचा आरंभच चोरून खाण्यात आहे. राजाची सून घरातला एक पदार्थ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात; सासरची माणसे तिला घराबाहेर काढतात. ती रोज दिवे घाशीपुशी, तेलवात करी, अवसेला त्यांना नैवेद्य दाखवी. ती गेल्यावर दिवे अंधारातच राहिले. पुढे अवसेच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा झाडाखाली मुक्काम करतो, तेव्हा गावातले सगळे दिवे त्या झाडावर येऊन बसलेले त्याला दिसतात, आणि त्यांच्यात बोलणे चालते ते कशाचे? कोणाच्या घरी जेवायला काय काय केले होते आणि कोणाची पूजा कशी झाली, याचे. राजाच्या घरचा दिवा आपली हकीकत सांगतो, राजाला सुनेचे निरपराधित्व कळते, तिला मेणा पाठवून परत आणले जाते.

ही कथा आहाराभोवती फिरते. पहिला दोष खाण्याचा, दुसरा लपविण्याचा, शिक्षा मात्र चारित्र्याच्या संशयाची. सुनेने पदार्थ खाल्ला हे सांगण्याची तिला चोरी होती, म्हणून सारे रामायण घडले. आणि तिला सोडविणारे साक्षीदार कोण, तर घराघरांतल्या चुलीवर काय शिजले हे पाहिलेले दिवे. दिव्यांना त्या रात्री जेवणाच्या गप्पांचे वावडे नाही. ते वावडे आपल्याला आहे. आणखी एक बाब : महाराष्ट्रातील अनेक घरांत या दिवशी समई, निरांजने, कंदील घासून पाटावर मांडतात, आणि कणीक व गूळ यांचे दिवे उकडून, ओवाळून झाल्यावर तुपाबरोबर खातात. येथे दिवा हाच नैवेद्य आणि नैवेद्य हेच जेवण आहे. देवघर व स्वयंपाकघर यांच्यामध्ये नंतर ओढलेली रेघ या विधीत कोठेही सापडत नाही.

गटारीच्या बाजूनेही कहाणीतील सून आठवावी लागते. त्या रात्रीचे कौतुक बहुधा पुरुषांच्या तोंडी असते. वडे तळणे, वाटण वाटणे आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागण्यापूर्वी भांडी, ओटा, प्रसंगी सारे स्वयंपाकघर धुऊन काढणे हे स्त्रियांकडे असते. श्रावणातील बहुतेक व्रतेही त्याच करतात. गटारीच्या समर्थनार्थ लिहिणारे ‘बहुजनांचा उत्सव’ असा गौरव करतात तेव्हा या श्रमाचा उल्लेख क्वचितच येतो. मद्यपानाने या दिवसाला आणलेले रूपही झाकण्याचे कारण नाही. पण त्याची समीक्षा त्याच्या नावाने व्हावी. त्यासाठी जेवणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अनावश्यक आहे.

कार्निव्हलचे माप

गटारीला ‘मराठी कार्निव्हल’ म्हणण्याची आणि लगेच मिखाईल बाख्तिनचा आधार घेण्याची प्रथा आपल्या समीक्षेत रुळू पाहत आहे. राब्लेवरील त्याच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कार्निव्हल म्हणजे चौकातला, श्रेणी उलथवणारा, सर्वांना सामावणारा हास्योत्सव आहे. गटारीत यातले फारसे काही नाही. ती घरातली, फार तर मित्रमंडळींतली मेजवानी आहे. तीत कोणी राजा विदूषक होत नाही की विदूषक राजा. आणि मुख्य म्हणजे पुढे येणारा श्रावण ‘लेन्ट’सारखा शोकगंभीर नाही. येशूच्या दुःखभोगाचे स्मरण करणाऱ्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तापूर्वी हसून घेण्याची गरज समजते. श्रावणात मात्र नागपंचमी, मंगळागौर, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी आणि शेवटी पोळा. मराठी माणूस श्रावणात आनंद सोडत नाही, एक पदार्थ सोडतो. म्हणून उलथापालथीच्या सिद्धान्तापेक्षा साठा संपविण्याची व्यवस्था हे स्पष्टीकरण येथे अधिक लागू पडते.

त्या दृष्टीने तुलना उपयोगी ठरते. उपवासापूर्वी घरातील चरबी, लोणी, अंडी संपवावी म्हणून इंग्लंडात पॅनकेक, पोलंडात ‘चरबट गुरुवारी’ तळलेले गोड गोळे करण्याची रीत आहे. आपल्याकडे ‘आखाड तळणे’ आहेच : कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लेकीकडे पाठविला जाणारा तळणीचा डबा. आषाढाच्या या बोलीरूपावरून देशावर मांसाहारी जेवणालाही ‘आखाड’ म्हणतात, आणि याच महिन्यात मंगळवारी-शुक्रवारी मरीआई, लक्ष्मीआई यांना कोंबड्या-बकऱ्यांचा नैवेद्य दाखविला जातो. पावसाळी रोगराईच्या दिवसांत ग्रामदेवतेला राखणीसाठी दिलेला हा मान आहे. गटारीचे पूर्वज शोधावयाचे असतील तर ते संस्कृत समासांपेक्षा या आखाडात शोधणे अधिक सयुक्तिक होईल.

ब्रूगेलच्या १५५९ सालच्या प्रसिद्ध चित्रात पिंपावर बसलेला लठ्ठ कार्निव्हल हातात मांसाची सळई घेऊन आणि कृश लेन्ट फावड्यावर दोन मासे घेऊन एकमेकांवर चालून येतात. त्या दोन माशांवर कोळीवाड्यातला प्रेक्षक थबकेल, कारण ख्रिस्ती उपवासकाळात मासे चालतात आणि श्रावणात चालत नाहीत. इतिहासकार पीटर बर्क यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात सुधारकांनी युरोपातील लोकोत्सवांना कसे आवर घातला याचे वर्णन ‘लेन्टचा विजय’ या शब्दांत केले आहे. बाख्तिनपेक्षा बर्क आपल्याला अधिक जवळचा आहे. ‘गटारी नव्हे, दीप अमावास्या म्हणा’ हे आवाहन त्याच जातीचे आहे.

या आवाहनाला हल्ली ‘शास्त्रीय कारणां’ची जोड दिली जाते. माशांचा प्रजननकाळ म्हणून श्रावणात मासे वर्ज्य, असे सांगतात. परंतु पावसाळी मासेमारीबंदीचा जून-जुलैचा काळ मुख्यतः ज्येष्ठ-आषाढात पडतो आणि होड्या समुद्रात जाण्याच्या सुमारास श्रावण लागतो. मग नियम नेमका उलटा असावयास हवा होता. व्रताला व्रत म्हणण्याचे धैर्य नसले की अशी कारणे लागतात.

श्रावण कोठवर पाळायचा याचेही घरागणिक वेगळे उत्तर आहे. कोणी महिनाभर, कोणी गणपती विसर्जनापर्यंत, कोळी समाजातील काही घरे नारळी पौर्णिमेपर्यंत. हा निर्णय घराचा असतो, आणि पंचांग त्यात सल्लागाराच्या भूमिकेत असते. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने स्वातंत्र्यदिनी चोवीस तास कत्तलखाने व मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला, १९८८ च्या जुन्या ठरावाचा आधार दिला, आणि त्यावर राज्यभर वाद झाला. वाद आहाराच्या स्वातंत्र्यावर झाला, ते योग्यच होते; पण कालगणनेच्या अंगाने त्याकडे कोणी पाहिले नाही. आदेशातला दिवस इंग्रजी तारखेने ठरलेला होता. पंचांगात तो श्रावण वद्य सप्तमी, शुक्रवार होता. ज्या घरांनी २४ जुलैच्या आगेमागे शेवटचे मटण खाऊन स्वयंपाकघर धुतले होते, त्यांना त्या दिवशी आदेशाची गरज नव्हती. नारळ समुद्राला देऊन आदल्याच आठवड्यात ज्यांचा श्रावण सुटला होता, त्यांच्या भिंतीवरच्या चौकटीत मात्र त्या शुक्रवारसाठी तसे काहीच छापलेले नव्हते.